फोटो भरपूर, नोंदी तुटपुंज्या : जुन्या बडोद्यातल्या फेरफटक्यांचा हिशेब

थंडी सुरू झाली की रविवारी सकाळी लहरीपुरा दरवाजा ते पाणीगेट या पट्ट्यात हातात मोबाइल, कॅमेरे आणि चित्रवह्या घेतलेली मंडळी दिसू लागतात. कोणी वास्तुशास्त्राचे विद्यार्थी, कोणी फाइन आर्ट्सचे, कोणी सुट्टीत परदेशातून आलेली आपलीच नातवंडे. ‘हेरिटेज वॉक’ हा शब्द आता आपल्या घरांत चांगलाच रुळला आहे. दहा-पंधरा वर्षांपूर्वी जुन्या शहरात फक्त खरेदीला किंवा लग्नपत्रिका द्यायला जाणारा माणूस आता तिथे बघायला जातो, ही गोष्ट चांगलीच आहे.

पण फोटो वाढत असताना ज्यांचे फोटो निघतात त्या वास्तू कमी होत आहेत, हेही दिसते. २०२५ साली खुद्द मांडवीच्या एका खांबाचा काही भाग ढासळला, तडे दिसू लागले आणि लोखंडी टेकू द्यावे लागले. शहराच्या मधोमध उभ्या असलेल्या, रोज हजारो माणसे जिच्याखालून आणि शेजारून जातात, जिचे फोटो सर्वांत जास्त काढले जातात, त्या वास्तूची ही अवस्था. मग गल्लीबोळातल्या खासगी वाड्यांचे काय होत असेल? फोटो काढून शहर वाचते का, आणि वाचत नसेल तर फेरफटक्यातून शहराच्या पदरात काय पडायला हवे, याचा हा विचार.

मांडवी ते सुरसागर

आपल्या मुलांना जुने शहर दाखवायचे तर मांडवीपासून सुरुवात करावी. गुजरातच्या सुलतानांच्या काळात, सोळाव्या शतकाच्या आरंभी, हे तटबंदीचे शहर वसले. चार दिशांना चार दरवाजे : पश्चिमेला लहरीपुरा, उत्तरेला चांपानेर, पूर्वेला पाणी आणि दक्षिणेला गेंडी. चारही दरवाज्यांकडे जाणारे रस्ते मांडवीत मिळतात. मांडवी ही चौकोनी, प्रत्येक बाजूला तीन कमानी असलेली वास्तू. १७३६ मध्ये मल्हारराव मालोजी यांनी तिची दुरुस्ती केली. म्हणजे बडोद्यातील मराठी राजवटीच्या अगदी सुरुवातीच्या कामांत एका आधीच्या राजवटीच्या वास्तूची डागडुजी होती. हे मुलांना जरूर सांगावे.

मांडवीजवळच मध्यवर्ती ग्रंथालय आहे. महाराज सयाजीराव तिसरे यांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयांचे जाळे उभारायला घेतले, त्याचे हे मुख्य केंद्र. त्यातील लोखंडी मांडण्या आणि काचेची जमीन बघण्यासारखी आहे. लहरीपुऱ्याबाहेर पडले की न्यायमंदिर. १८९६ साली उभी राहिलेली ही इमारत महाराणी चिमणाबाईंच्या नावाची. इथली न्यायालये २०१८ मध्ये नव्या संकुलात गेली. तेव्हापासून या इमारतीचे काय करायचे यावर बोलणे सुरू आहे. समोर सुरसागर आणि त्याच्या काठावर संगीत महाविद्यालयाची घुमटाची इमारत. ज्या संगीतशाळेतून हे महाविद्यालय वाढले, ती मौलाबक्ष यांनी १८८६ मध्ये सुरू केली होती.

रावपुऱ्यात पोस्ट ऑफिसच्या मागे भाऊ तांबेकरांचा वाडा आहे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते. वाड्याच्या भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रे महाभारतातली आहेत, कृष्णलीलेतली आहेत आणि मराठे-इंग्रज लढायांचीही आहेत. लाकडी मराठी वाडा आणि त्यात अशी भित्तिचित्रे, हे फार थोड्या ठिकाणी उरले आहे. हा वाडा केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, म्हणून तो उभा आहे. त्याच काळातले बाकीचे वाडे कुठे गेले, असा प्रश्न मुलांनी विचारला तर आपल्यापैकी किती जणांना पत्ता सांगता येईल?

नजरबाग पॅलेसचे उदाहरण तर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. गायकवाडांचे जवाहीर जिथे ठेवले जाई, तो राजवाडा आता नाही. उरले आहेत ते फोटो. ते कधीचे, कोणत्या बाजूने काढलेले, दिसणारे दालन कोणते, हे लिहिलेले फोटो मात्र त्यात थोडेच.

फोटो काढायला मनाई आहे का?

फेरफटक्यात हमखास होणारी अडवणूक म्हणजे ‘इथे फोटो काढायचा नाही’. कधी पहारेकरी अडवतो, कधी एखादा कारकून. म्हणून नियम माहीत असलेले बरे.

सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून इमारतीचा फोटो किंवा चित्र काढायला कायद्याने आडकाठी नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की वास्तूचे चित्र, रेखाटन किंवा छायाचित्र करणे हा वास्तुकाराच्या हक्काचा भंग होत नाही. सार्वजनिक जागी कायम बसवलेल्या पुतळ्यांनाही हीच सूट आहे. केंद्र संरक्षित स्मारकांच्या बाबतीत जुलै २०१८ मध्ये पुरातत्त्व खात्याने फोटोवरची बंदी उठवली. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील मुख्य कबरीचा भाग एवढेच अपवाद ठेवले. ट्रायपॉड लावून किंवा व्यवसायासाठी चित्रण करायचे तर वेगळी परवानगी लागते. चित्रवहीत रेखाटन करायला काहीच लागत नाही. तरीही नाजूक भित्तिचित्रांसमोर फ्लॅश मारू नये, हे नियमात असो वा नसो, पाळावे.

खासगी घर, मंदिर, मशीद, दर्गा, वाचनालय यांच्या आत मात्र मालकाची किंवा व्यवस्थापनाची परवानगी घ्यावीच लागते. कायद्यापलीकडे माणुसकीचाही भाग आहे. पोळ म्हणजे प्रदर्शन नव्हे. ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या बाईंचा, आंघोळ करून बाहेर आलेल्या आजोबांचा, खेळणाऱ्या मुलांचा फोटो विचारल्याशिवाय काढणे हा त्यांचा अपमान आहे. पोळीत येणाऱ्या फोटोवाल्यांबद्दल जी नाराजी ऐकू येते, ती बहुतेक वेळा यातूनच आलेली असते. आधी ‘केम छो, काका’ म्हणून दोन शब्द बोलावेत, मग कॅमेरा काढावा. बहुतेक वेळा लोक स्वतःच माडीवर घेऊन जातात.

वाडा का पडतो?

जुने वाडे ‘लोकांना किंमत नाही म्हणून’ पडतात, असे आपण सहज म्हणतो. माझ्या बँकेतल्या नोकरीत तारण आणि मूल्यांकनाची कागदपत्रे पुष्कळ हाताखालून गेली. त्या अनुभवावरून सांगतो, कारण भावनेपेक्षा कागदात जास्त आहे.

पहिले कारण मूल्यांकनाचे. घर तारण ठेवताना मूल्यांकनकार जमिनीची किंमत वेगळी धरतो आणि बांधकामाची वेगळी. बांधकामातून वयाप्रमाणे घसारा वजा होतो. शंभर वर्षांच्या लाकडी वाड्याचे ‘उरलेले आयुष्य’ कागदावर शून्य असते, म्हणून बांधकामाची किंमतही जवळजवळ शून्य. कोरीव खांब, सागवानी तुळया, नक्षीचे सज्जे यांना त्या तक्त्यात रकानाच नाही. असलेच तर ते मोडीचा माल म्हणून. म्हणजे कागदाच्या हिशेबात वाडा उभा असण्यापेक्षा पडलेला असणे फायद्याचे ठरते. जुनी दारे, खांब आणि टेकू विकत घेणारे व्यापारी हा हिशेब चांगला ओळखून असतात.

दुसरे कारण वारसांचे. तीन पिढ्यांत एका वाड्याचे पंधरा-वीस हिस्सेदार होतात. एक पुण्याला, एक बंगळुरूला, दोन अमेरिकेत. दुरुस्तीसाठी कर्ज हवे तर बँकेला सगळ्या मालकांच्या सह्या आणि निर्वेध मालकी लागते. सह्या गोळा करण्यात वर्षे जातात, तोवर एक पावसाळा भिंत घेऊन जातो. विकायला मात्र सगळे लवकर तयार होतात, कारण त्यात वाटणी सोपी.

तिसरे कारण भाड्याचे. जुन्या भाडेकरूंचे भाडे वर्षानुवर्षे तेवढेच राहिले. त्या उत्पन्नात कौले शाकारणेही होत नाही. मालक दुरुस्ती करत नाही, भाडेकरूने का करावी?

चौथे कारण आपल्या गुजरातचे. जुन्या शहराचा बराच भाग अशांत धाऱ्याखाली येतो. तिथे मालमत्ता हस्तांतरित करायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. त्या कायद्याच्या हेतूबद्दल मतमतांतरे असतील, पण व्यवहार लांबतो आणि कुलूप लागलेले घर कुलूपबंदच राहते, हे जाता-येता दिसते. बंद घराला पहिल्यांदा वाळवी लागते, मग पिंपळ.

या चारही कारणांवर फोटोचा काही उपाय नाही. आपल्या आवडीची ही मर्यादा ओळखून पुढे जायला हवे.

अहमदाबादने काय वेगळे केले?

शेजारच्या अहमदाबादचा अनुभव इथे उपयोगी आहे. तिथल्या महानगरपालिकेने १९९६ मध्ये स्वतंत्र वारसा कक्ष सुरू केला आणि १९ नोव्हेंबर १९९७ रोजी काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंतचा सकाळचा फेरफटका सुरू झाला. तो आजही चालतो. पण अहमदाबादकर फेरफटक्यावर थांबले नाहीत. फ्रेंच सरकारच्या सहकार्याने पोळींमधल्या घरांची नोंदणी झाली. कोणते घर कोणत्या काळातले, किती शाबूत, किती बदललेले याची यादी तयार झाली. यादीतल्या घरमालकाला न वापरलेला बांधकाम हक्क दुसरीकडे विकता येईल, अशी तरतूद आली. म्हणजे वाडा राखला तर हातात काही पैसे पडण्याची सोय झाली. फेरफटका सुरू झाल्यानंतर वीस वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, अहमदाबाद हे भारतातले पहिले जागतिक वारसा शहर ठरले.

तिथेही सगळे आलबेल आहे असे नाही. यादीतली घरेही पडतात, पोळींमध्ये गोदामे वाढतात. पण घर पडले की ‘यादीतले अमुक घर पडले’ असे म्हणता येते, जाब विचारता येतो. यादीच नसेल तर घर पडले हे शेजाऱ्यांखेरीज कोणाला कळत नाही.

मुंबईतही १९९५ ची वारसा नियमावली आली ती यादीच्या आधारावर, आणि त्या यादीमागे जागरूक नागरिकांनी केलेले सर्वेक्षण होते. आपल्या बडोद्यानेही हे काम दुसऱ्या जागेसाठी करून दाखवले आहे. चांपानेर-पावागढ २००४ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले, त्यात बडोद्याच्या हेरिटेज ट्रस्टचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. पन्नास किलोमीटरवरचे चांपानेर यादीत नेणाऱ्या शहराला आपल्याच पोळींची नोंद करणे अशक्य नाही.

फोटो आणि रेखाटन : दोन्हींचे काम वेगळे

नोंद म्हटली की फोटो पुरेसा, असे वाटते. फोटो सगळे टिपतो, हे त्याचे बळ. विजेच्या तारा, जाहिरातीचे फलक, भिंतीची भेग, सगळे. रेखाटनाचे बळ वेगळे. एका सज्जाचे चित्र काढायला पाऊण तास लागतो. त्या वेळात टेकू किती, महिरपीला किती पाकळ्या, कोणता खांब नंतर बदललेला, हे डोळ्यांना दिसत जाते, कारण हाताला ते काढायचे असते. शिवाय पाऊण तास एका जागी बसलेल्या माणसाभोवती पोळीतली माणसे जमतात आणि बोलतात. ‘हा भाग भूकंपात पडला होता’, ‘इथे पूर्वी विहीर होती’, ही माहिती फोटो काढून पुढे निघालेल्याला मिळत नाही.

याची मोठी साक्ष पोलंडची राजधानी वॉर्सामध्ये आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, तिथले जुने शहर जवळजवळ पूर्ण उद्ध्वस्त झाले. नंतर ते पुन्हा उभारताना बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातल्या इटालियन चित्रकाराने काढलेल्या शहराच्या चित्रांचा आधार घेतला गेला. पण बेलोत्तो चित्रकार होता, चित्र सुंदर दिसावे म्हणून तो फेरफार करी. खरा भरवसा होता तो वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी मोजमापे घेऊन केलेल्या रेखांकनांवर. १९८० मध्ये ते शहर जागतिक वारसा यादीत आले. विद्यार्थ्यांनी रविवारी काढलेली चित्रे देशाच्या कामी येऊ शकतात, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

इतके दूरही जायला नको. इंदूरच्या राजवाड्याचा मागचा भाग १९८४ च्या आगीत जळाला आणि पुढे तो जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला गेला. त्याच इंदुरात राजा दीनदयाळ हे सार्वजनिक बांधकाम खात्यात आराखडे काढण्याचे काम करत होते. तिथेच १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले आणि पुढे हैदराबादच्या निजामांचे छायाचित्रकार झाले. आराखडे काढणारा हात आणि कॅमेऱ्यामागचा डोळा एकाच माणसाचा होता.

आपल्या शहराची परंपराही याच दोन धाग्यांची आहे. १८९० साली स्थापन झालेल्या कलाभवनात दादासाहेब फाळके शिकले. इंदूरमध्ये देवळालीकर मास्तरांकडे शिकलेले नारायण श्रीधर बेंद्रे १९५० मध्ये बडोद्याच्या नव्या फाइन आर्ट्स विद्याशाखेत आले आणि एक पिढी घडवून गेले. तिथल्याच ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगावच्या भिंतींवरची आणि अंगणातली लोककला कॅमेऱ्यात नोंदवली. त्यातली कितीतरी आज फक्त त्यांच्या फोटोंत आहे. गुलाममोहम्मद शेख यांच्या १९८० च्या दशकातल्या ‘सिटी फॉर सेल’ या चित्रात तर हेच शहर आहे, त्यातल्या दंगलीच्या जखमांसकट. शहराकडे बघायचे ते फक्त सुंदर कमानींपुरते नव्हे, हे त्या चित्रातून शिकावे.

आपल्याला काय करता येईल?

कायदे बदलणे, दुरुस्तीला पैसे देणे हे सरकारचे आणि पालिकेचे काम. यादी करण्याच्या कामाला मात्र आपण हात लावू शकतो. त्यासाठी नवी संस्था नको, फक्त शिस्त हवी.

फोटो काढताना एक तरी फोटो समोरून सरळ काढावा, इमारत पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसेल असा. शेजारी माणूस किंवा फूटपट्टी असली तर मापाचा अंदाज येतो. नंतर हौसेचे फोटो हवे तेवढे. घराचा पोळीतला पत्ता, तारीख, कोणत्या दिशेने काढला आणि माहिती कोणी सांगितली, एवढ्या चार गोष्टी वहीत लिहाव्यात. माहिती सांगणाऱ्याचे नाव लिहिण्याआधी त्याला विचारावे. रेखाटनाच्या कोपऱ्यातही तारीख आणि जागा हवी.

दुसरी बाब तांत्रिक, पण महत्त्वाची. मोबाइलच्या फोटोत तारीख आणि ठिकाण आपोआप साठवलेले असते. तो व्हॉट्सअॅपवर नेहमीप्रमाणे पाठवला की फोटो लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ती राहते. आपल्या कुटुंबांच्या गटांवर फिरणारे जुन्या शहराचे बहुतेक फोटो नोंद म्हणून निरुपयोगी झाले आहेत ते एवढ्याच कारणाने. मूळ फोटो जपावेत आणि दोन ठिकाणी साठवावेत.

तिसरी बाब सर्वांत मोलाची आणि सर्वांत तातडीची. आपल्या जुन्या अल्बममध्ये मुंजीचे, लग्नाचे, डोहाळजेवणाचे, गणपतीचे फोटो आहेत. आपण त्यांत माणसे बघतो. त्यांच्या मागे बघावे. चौक, देवडी, माडीचा कठडा, दिंडीदरवाजा, कोनाडे, ओटा. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या ज्या वाड्यांचा आज मागमूस नाही, त्यांचे आतले भाग या फोटोंत आहेत. कुठल्याही सरकारी दप्तरात ते नसतील, कारण सर्वेक्षण करणारा रस्त्यावरून घर बघतो, चौकात येत नाही. मंडळाने असे फोटो स्कॅन करून घ्यावेत, मूळ प्रत घरी परत द्यावी आणि प्रत्येक फोटोमागे वाडा कोणाचा, कुठे, कोणते साल एवढे लिहून ठेवावे. नावे आणि जागा सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीत आहेत. दहा वर्षांनी फोटो असतील, सांगणारे नसतील.

चौथी बाब म्हणजे सातत्य. वर्षातून एकदा, समजा महाराष्ट्र दिनाच्या आसपास किंवा दिवाळीनंतर, त्याच पाच-सात जागांवर उभे राहून तेच फोटो पुन्हा काढावेत. दोन वर्षांच्या फोटोंत भेग किती रुंदावली हे दिसले, की पालिकेकडे अर्ज करताना हातात पुरावा असतो. ‘वास्तू धोक्यात आहे’ असे नुसते पत्र फायलीत जाते. तारखेसह दोन फोटो जोडले की उत्तर द्यावे लागते. कार्यालयात आयुष्य घालवलेला कोणीही हे सांगेल.

यात एक शंका रास्त आहे. इतक्या नोंदी करून वाडा वाचणार आहे का? काही वाडे वाचतील, बरेच नाही वाचणार. हिस्सेदारांची अडचण खरी आहे, आणि मोडक्या घरात राहणाऱ्याला वारशाचे धडे देण्याचा आपल्याला अधिकार नाही. पण नोंद असलेला वाडा पडला तर निदान काय गेले हे सांगता येते, आणि शेजारचा वाचवायला कारण मिळते. नोंद नसलेला वाडा दोनदा पडतो, एकदा जमिनीवर आणि एकदा आठवणीत.

येत्या थंडीत नातवंडांना मांडवीला जरूर न्या. मोबाइल असेलच, सोबत एक वही आणि पेन्सिल द्या. आणि निघण्याआधी घरातला तो जुना अल्बम एकदा काढून, ज्या फोटोमागे वाडा दिसतो त्याच्या पाठीवर पेन्सिलीने वाड्याचे नाव लिहून ठेवा.